मोबाइलमधले फोटो ठेवायला फुकट जागा कोणती निवडावी?

पाऊलवाट

घरात एक अँड्रॉइड फोन (१२८ जीबी, काठोकाठ भरलेला) आणि एक आयफोन आहे. दोन्ही मिळून साधारण ६,००० फोटो आणि ३०० छोटे व्हिडिओ, एकूण ४० जीबीच्या आसपास. घरी वायफाय आहे, संगणक मात्र कधीतरीच हाताशी असतो, त्यामुळे सगळं फोनवरूनच व्हायला हवं.

फोन हरवला किंवा पाण्यात पडला तरी फोटो वाचले पाहिजेत. लग्न-मुंजीचे फोटो पुण्यात, न्यू जर्सीत आणि लंडनमध्ये असलेल्या नातेवाइकांना लिंक पाठवून दाखवता आले पाहिजेत. शिवाय गडकिल्ल्यांवरच्या लेखांत फोटो टाकायचे असतात. मागच्या वेळी गूगल फोटोजची लिंक दिली तर चित्राच्या जागी नुसती रिकामी चौकट आली. पैसे सध्या द्यायचे नाहीत. कुठली सेवा घ्यावी?

टीपकागद

एक सेवा शोधू नका. तुमची कामं तीन आहेत आणि फुकटात तिन्ही नीट करणारी सेवा नाही. जपून ठेवणं हे एक, घरच्यांना दाखवणं हे दुसरं आणि लेखात चित्र चिकटवणं हे तिसरं. पहिल्या दोन कामांना गूगल फोटोज किंवा आयक्लाउड चालतं, तिसऱ्याला दोन्ही चालत नाहीत. तुमची रिकामी चौकट त्याचमुळे आली.

आधी आकडेमोड. १२ मेगापिक्सेलचा जेपीजी फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा असतो. म्हणजे गूगलच्या १५ जीबीत मूळ आकाराचे चारेक हजार फोटो मावतील, पण ती १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात सामायिक आहे. मेल दहा वर्षं जुनं असेल तर त्यातली काही जागा आधीच गेलेली असते. आणि खरा खादाड फोटो नव्हे, व्हिडिओ असतो: १०८० पी चा एक मिनिट अँड्रॉइडवर १०० एमबीच्या वर सहज जातो, ४के चा त्याच्या दुप्पट-तिप्पट. ४० जीबीपैकी निम्मी जागा त्या ३०० व्हिडिओंनीच खाल्ली असेल.

गूगलवर १ जून २०२१ पर्यंत 'हाय क्वालिटी'चे फोटो अमर्याद आणि फुकट होते. त्या तारखेआधी त्या दर्जात चढवलेले फोटो आजही १५ जीबीत मोजले जात नाहीत, त्यामुळे जुने फोटो 'जागा मोकळी करायची' म्हणून उडवू नका. काहीही मोकळं होणार नाही. त्यानंतर चढलेलं सगळं मोजलं जातं.

अँड्रॉइडवर असं करा (मेन्यूची नावं इंग्रजी इंटरफेसमधली आहेत). फोटोज ॲपमध्ये उजवीकडे वर स्वतःच्या चित्रावर टिचकी, मग फोटोज सेटिंग्ज, बॅकअप. तिथे बॅकअप क्वालिटी 'स्टोरेज सेव्हर' करा. यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ वर आणले जातात आणि व्हिडिओ १०८० पी वर. भिंतीवर लावायच्या छापील फोटोला १६ मेगापिक्सेल पुरून उरतात. त्याखाली मोबाइल डेटाचा पर्याय आहे, तो बंद. मग 'बॅक अप डिव्हाइस फोल्डर्स' उघडा आणि तिथे व्हॉट्सॲप इमेजेस, व्हॉट्सॲप व्हिडिओ, स्क्रीनशॉट्स बंद आहेत ना ते बघा. सुप्रभातची फुलं आणि फॉरवर्ड केलेले शुभेच्छापट साठवायला १५ जीबी खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिला बॅकअप एका रात्रीत होईल असं समजू नका. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल तर १५ जीबीला सव्वातीन-साडेतीन तास लागतात, पण हे कागदावर. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी यांच्या फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआडची ॲप्स मारली जातात आणि बॅकअप २०० फोटोंवर अडकून बसतो. उपाय: फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, फोटोज, बॅटरी इथे 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा आणि फोन चार्जरला लावून फोटोज ॲप उघडं ठेवा.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी गोष्ट. गूगल फोटोजमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, मग कायमचा गेला. फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर डिलीट नव्हे, त्याच मेन्यूतलं 'फ्री अप स्पेस' वापरा. ते फक्त बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं.

जुना चार्जर

टीपकागद यांच्याशी सहमत, एक पुरवणी जोडतो. ४० जीबी १५ मध्ये बसणार नाही हे उघड आहे. तेव्हा फक्त फोटोंसाठी वेगळं गूगल खातं काढा. फोटोज ॲपच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये 'बॅकअप अकाउंट' वेगळं निवडता येतं. फोनचं मुख्य खातं आणि मेल आहे तसं राहतं. तिथे १५ जीबी पूर्ण कोरी मिळते, जीमेलचा वाटा शून्य.

धोका एकच: असं खातं विसरलं जातं. दोन वर्षं वापरात नसलेली खाती पुसून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून अमलात आणलं आहे. तेव्हा त्या खात्याला पर्यायी फोन नंबर आणि दुसरा ईमेल जोडाच, आणि वर्षातून एकदा तरी त्यात लॉगिन करा. तसंच त्या खात्यातला अल्बम मुख्य खात्याला शेअर करून नुसता बघितला तर मुख्य खात्याची जागा जात नाही. 'सेव्ह' दाबलंत की मात्र जाते.

आधी चुकून 'ओरिजिनल'मध्ये चढवलं असेल तर फोटोजच्या वेबसाइटवर, सेटिंग्जमध्ये 'रिकव्हर स्टोरेज' आहे. ते चढलेले फोटो-व्हिडिओ स्टोरेज सेव्हरमध्ये बदलतं. फोनच्या ॲपमध्ये हे बटण दिसलं नाही तर संगणकाचा ब्राउझर वापरा. ही वाट परतीची नाही: मूळ दर्जा परत मिळत नाही, म्हणून महत्त्वाचे मूळ फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेवा.

'लॉक्ड फोल्डर' वापरत असाल तर तेही तपासा. त्याचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो बंद असताना ॲप काढलं किंवा फोन फॉरमॅट केला तर आतले फोटो गेले.

रंगपेटी

तिसऱ्या कामाबद्दल, म्हणजे लेखातल्या चित्राबद्दल.

गूगल फोटोजची शेअर लिंक एक पान उघडते, चित्र नाही. लेखातल्या चित्राच्या टॅगला (चित्र दाखवणाऱ्या एचटीएमएल खुणेला) थेट चित्राचा पत्ता लागतो, बहुधा शेवटी डॉट जेपीजी किंवा डॉट पीएनजी असलेला. काही जण ब्राउझरमध्ये चित्रावर बोट दाबून धरून मिळालेला लांबलचक पत्ता चिकटवतात. तो लेखकाला दिसतो, कारण तो लॉगिन असतो. वाचकांना दिसत नाही किंवा काही दिवसांनी मरतो. म्हणून प्रकाशित केल्यावर तोच लेख इन्कॉग्निटो खिडकीत (जिथे तुम्ही लॉगिन नसता) उघडून बघायची सवय लावा. पाच सेकंदांचं काम.

यासाठी पोस्टइमेजेस किंवा आयएमजीबीबी वापरा. दोन्ही फोनच्या ब्राउझरमध्ये चालतात, खातं न काढताही. पोस्टइमेजेसवर चढवण्याआधी 'रिसाइझ'चा पर्याय येतो. लेखासाठी १०२४ बाय ७६८ किंवा ८०० बाय ६०० पुष्कळ झालं. मूळ ४ एमबीचा फोटो पंधरा वेळा टाकलात तर गावाकडच्या नेटवर वाचणारा पहिल्या फोटोलाच पान बंद करेल. मुदतीच्या खान्यात 'नो एक्स्पायरेशन' आहे ना ते बघा. चढल्यावर लिंकांची यादी येते, त्यातली 'डायरेक्ट लिंक' घ्या आणि तिची रुंदी टॅगमध्ये शेकडा १०० करा, म्हणजे मोबाइलवर चित्र पानाबाहेर सांडणार नाही. आयएमजीबीबीवर एका चित्राला ३२ एमबीची मर्यादा आहे आणि तिथे आपोआप पुसण्याचा पर्याय असतो, तो 'डोन्ट ऑटोडिलीट'वर ठेवा.

खातं न काढता चढवलं तर 'रिमूव्हल लिंक' कुठेतरी जपून ठेवा. ती हरवली की ते चित्र तुम्हाला स्वतःला काढता येत नाही. म्हणून मी म्हणेन, खातं काढाच.

इमगर टाळा. १५ मे २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तिथे खात्याशी न जोडलेली जुनी, वापरात नसलेली चित्रं पुसायला सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये इमगर बंद आहे. तुमच्या लंडनच्या नातेवाइकांना लेखात फोटोऐवजी पाटी दिसेल.

फुकट चित्रठेवीचा इतिहास तसाही वाईट आहे. फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर चित्र दाखवण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि एका रात्रीत जगभरच्या जुन्या धाग्यांतली चित्रं गायब झाली. टायनीपिक २०१९ मध्ये बंदच पडलं. तेव्हा लेखातल्या चित्रांची मूळ प्रत स्वतःकडे, लेखाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एक दिवस ती पुन्हा चढवावी लागतील असं धरूनच चाला.

आडवा पडलेला फोटो हीही नेहमीची तक्रार. फोन फोटो फिरवत नाही, 'हा उभा आहे' अशी खूण फाइलमध्ये ठेवतो. काही साइट ती खूण पुसतात आणि चित्र कलंडतं. चढवण्याआधी फोनच्या एडिटरमध्ये फोटो जरासा क्रॉप करून सेव्ह करा. नवी फाइल बहुधा सरळ बनते.

सह्याद्रीवारा

आयफोनचं राहून गेलं.

आयक्लाउड फुकटात ५ जीबी देतं आणि त्यातच फोनचा बॅकअपही बसतो. आयफोनच्या फोटोंसाठी ते पुरणारच नाही. आयफोनवरही गूगल फोटोज टाका, पण मग सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर, आयक्लाउड, फोटोज इथे 'सिंक' बंद करा. दोन्ही चालू ठेवले आणि 'ऑप्टिमाइज आयफोन स्टोरेज' निवडलेलं असेल तर फोनमध्ये फक्त छोट्या प्रती असतात. गूगल फोटोजला आधी मूळ फोटो आयक्लाउडमधून ओढावे लागतात आणि बॅकअप गोगलगायीसारखा चालतो. ते चालू असेल तर बंद करण्याआधी मूळ फोटो फोनवर उतरवून घ्यायला विसरू नका. आयफोनवर गूगल फोटोजला पडद्याआड फारसं काम करता येत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी ॲप समोर उघडं ठेवावंच लागतं.

आयक्लाउडमधली एक गोष्ट मात्र खरोखर फुकट आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसते: शेअर्ड अल्बम. त्यातले फोटो ५ जीबीत मोजले जात नाहीत. एका अल्बममध्ये ५,००० फोटो-व्हिडिओ मावतात. फोटो लांब बाजूला २०४८ पिक्सेलपर्यंत छोटे होतात, व्हिडिओ ७२० पी पर्यंत. म्हणजे बघायला उत्तम, जपून ठेवायला नाही. अल्बमच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक वेबसाइट' चालू केलं की अँड्रॉइडवाल्यांनाही लिंकवरून दिसतो. पण ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दिसते, पासवर्ड नाही. लग्नाचा अल्बम सगळ्यांनी बघून झाला की ते बंद करा.

आयफोनचे फोटो हेइक स्वरूपात असतात (२०१७ च्या आयओएस ११ पासून). जागा निम्मी लागते, पण जुन्या विंडोज संगणकावर उघडत नाहीत आणि काही चित्रठेवी साइट ते नाकारतात. लेखासाठी काढायचे असतील तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' करा. घरगुती फोटोंसाठी आहे तेच राहू द्या, जागा वाचते.

सावधपणे

सगळे गूगल-गूगल म्हणताहेत म्हणून थोडा वेगळा सूर लावतो.

गूगल फोटोजमधले फोटो गूगलला वाचता येतात आणि यंत्राकडून तपासलेही जातात. लहान मुलांचे आंघोळीचे, तेल लावतानाचे फोटो आपल्याकडे घरोघरी काढले जातात. २०२४ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात आलेलं एक प्रकरण याच कारणाचं होतं: स्वतःच्या बालपणीचा, आजी आंघोळ घालतानाचा फोटो ड्राइव्हवर चढवल्यावर एका अभियंत्याचं अख्खं खातं बंद झालं, मेलसकट. असे फोटो बॅकअपच्या फोल्डरबाहेर ठेवा. आधार, पॅन, पासबुक यांचेही. आणि आयएमजीबीबीसारख्या साइटवर तर कागदपत्र कधीच चढवू नका, तिथली लिंक म्हणजे उघडी खिडकी.

खाजगी फोटोंसाठी एन्टे बघा. भारतीय माणसाने सुरू केलेली, सांकेतिक कुलूप फोनमध्येच लावून मग वर पाठवणारी सेवा, १० जीबी फुकट, कोड खुला. मेगा २० जीबी देतं, कुलूप तसंच. दोन्हीकडे अट एकच: पासवर्ड आणि रिकव्हरी की (खातं परत उघडायची किल्ली) दोन्ही हरवले तर कंपनीसुद्धा फोटो परत देऊ शकत नाही. एन्टेची की २४ शब्दांची असते. ती फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवू नका (फोन हरवला तर कीही गेली!), कागदावर लिहून बँकेच्या पासबुकात ठेवा. मेगावर फुकट खात्याला उतरवण्याचीही मर्यादा आहे, ती संपली की काही तास थांबावं लागतं. नवा फोन घेतल्यावर ५ जीबी एका दमात ओढताना हे नेमकं आडवं येतं.

टेराबॉक्सची १ टीबी बघून भुलू नका. जाहिराती आहेत, आपोआप व्हिडिओ बॅकअप पैसे देणाऱ्यांसाठी आहे आणि फुकटवाल्यांचा उतरवण्याचा वेग कमी ठेवलेला असतो. सेवा निवडताना ती किती जागा देते याआधी बघावं की फोटो परत बाहेर कसे आणि किती वेळात येतात. फ्लिकरही कधीकाळी १ टीबी द्यायचं. मालकी बदलल्यावर २०१८ मध्ये फुकट खातं १,००० फोटोंवर आणायचं जाहीर झालं आणि पुढच्या वर्षी जादाचे पुसायला घेतले. आज किल्ल्यांचे निवडक फोटो जगाला दाखवायला फ्लिकर छान आहे. तिथे खाजगी फोटो फुकटात फक्त ५० ठेवता येतात.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखुणांत टाकला. दोन शंका. १५ जीबी न वापरताच १४ जीबी भरलेली दिसते, हे कसं? आणि मोबाइल कंपनीकडून गूगलची २ टीबी जागा फुकट मिळते आहे, ती घेऊ का?

टीपकागद

पहिल्याचं उत्तर बहुतेक व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवरचा त्याचा चॅट बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत मोजला जात नसे. २०२४ च्या सुमारास तो मोजायला लागले. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे बॅकअपचा आकार दिसेल. 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा, मग सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेजमध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली काढा आणि बॅकअप पुन्हा घ्या. त्याआधी त्यातले घरचे खरे फोटो वेगळे काढून ठेवा, व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बऱ्याचदा एकुलता एक असतो.

दुसऱ्याचं: घ्या, पण भरू नका. जिओची ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेली योजना १८ महिन्यांची आहे. मुदत संपली की मर्यादा पुन्हा १५ जीबी. त्या वेळी तुमचे ४० जीबी आत असतील तर नवे फोटो चढणं थांबेल आणि त्याच खात्यावर जीमेल असेल तर मेल येणं-जाणंही. बँकेचे मेल अडकले की माणूस पैसे भरतोच, योजनेचं गणित तेच आहे. म्हणून फुकट २ टीबी वापरायचीच असेल तर मूळ दर्जाचे व्हिडिओ तात्पुरते ठेवायला वापरा आणि फोनच्या दिनदर्शिकेत मुदतीच्या दोन महिने आधीची आठवण लावून ठेवा.

जुना चार्जर

तेव्हा बाहेर काढायचं कसं तेही सांगतो. गूगल टेकआउटवर (गूगलमधला आपला सगळा डेटा उतरवून घ्यायचं पान) फक्त 'गूगल फोटोज' निवडा, बाकी सगळ्या खुणा आधी काढा, नाहीतर नकाशे-कॅलेंडरसकट सगळं येईल. फाइलचा आकार २ जीबीऐवजी १० जीबी ठेवा, म्हणजे ४० जीबीचे २० तुकडे होणार नाहीत. तयार झाल्याची मेल यायला काही तासांपासून काही दिवस लागतात आणि उतरवण्याची लिंक साधारण आठवडाभरच चालते. हे काम फोनवर करू नका. १२८ जीबीच्या भरलेल्या फोनमध्ये १० जीबीची झिप उलगडायला जागाच नसते. सायबर कॅफेतल्या संगणकावरही नको, नातेवाइकाचा लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या.

झिप उघडल्यावर प्रत्येक फोटोशेजारी एक जेसन फाइल दिसेल. ती कचरा समजून पुसू नका. ॲपमध्ये तुम्ही बदललेली तारीख, ठिकाण, वर्णन हे त्या फाइलीत असतं, फोटोत नसतं. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना तुम्ही ॲपमध्ये १९८५ ची तारीख दिली असेल तर डिस्कवर ते सगळे आजच्या तारखेला उभे राहतात. एक्झिफटूल नावाचं फुकट साधन जेसनमधली तारीख फोटोत परत घालतं, पण आधी एका फोल्डरच्या प्रतीवर करून बघा.

रंगपेटी

अवांतर: लिंक पाठवताना ठिकाण जातं का तेही बघा. गूगल फोटोजच्या अल्बममध्ये वर तीन टिंब, ऑप्शन्स, 'शेअर फोटो लोकेशन' बंद. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ठिकाणाची माहिती पुसली जाते, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ दर्जासोबत घराचे अक्षांश-रेखांशही जातात. घरातले फोटो त्या वाटेने अनोळखी माणसाला पाठवू नयेत. छापखान्याला मुंजीची पत्रिका छापायला पाठवताना मात्र डॉक्युमेंटच करा, नाहीतर फोटो १६०० पिक्सेलवर येतो आणि छापील कागदावर चेहरे धुरकट दिसतात.